बीआयडी कशी चालते आणि तिचा पैसा कुठून येतो: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बीआयडी म्हणजे नेमकं काय?

बिझनेस इम्प्रूव्हमेंट डिस्ट्रिक्ट, म्हणजे व्यवसाय सुधारणा क्षेत्र. बाजारपेठेच्या किंवा कार्यालयांच्या एखाद्या भागाची सीमा नकाशावर आखली जाते. त्या सीमेतले व्यावसायिक किंवा जागामालक ठरवतात की पुढची काही वर्षं नेहमीच्या करावर थोडे जादा पैसे भरायचे आणि ते फक्त याच भागावर खर्च करायचे. पालिका ही रक्कम गोळा करते आणि बीआयडी चालवणाऱ्या संस्थेच्या हवाली करते. योजना एकदा मंजूर झाली की विरोधात मत दिलेल्यालाही पैसे भरावेच लागतात.

सगळी रचना या सक्तीवर उभी आहे. ऐच्छिक वर्गणीतून रोषणाई केली तर गिऱ्हाईक सगळ्यांकडे येतं, पण वर्गणी मोजके लोकच भरतात आणि काही वर्षांत तेही कंटाळतात. टोरांटोतल्या ब्लूर वेस्ट व्हिलेजच्या दुकानदारांची गर्दी मॉल आणि भुयारी रेल्वेने ओढून नेली होती. त्यांनी सगळ्यांकडून वसुली करता येईल असा कायद्याचा आधार मागितला आणि १९७० मध्ये तिथे जगातलं पहिलं असं क्षेत्र सुरू झालं. पुढे अमेरिकेत ही पद्धत पसरली. इंग्लंडने त्यासाठी २००३ मध्ये कायदा आणि २००४ मध्ये नियम केले. जर्मनीत हॅम्बुर्गने २००५ पासून असा कायदा लागू केला आणि दक्षिण आफ्रिकेत केपटाउनमध्येही अशी क्षेत्रं आहेत.

पैसा सक्तीचा असल्यामुळेच त्याच्या पै-पैचा हिशेब मागण्याचा हक्क प्रत्येक भरणाऱ्याला आहे. पुढची बहुतेक उत्तरं याच मुद्द्यापाशी येतात.

पैसे कोण भरतं: व्यवसाय चालवणारा की जागेचा मालक?

हे देशागणिक बदलतं. इंग्लंडमध्ये मुख्यतः बिझनेस रेट्स (व्यवसायाच्या जागेवरचा कर) भरणारा, म्हणजे जागा वापरणारा व्यावसायिक लेव्ही, म्हणजे बीआयडीची ही जादा रक्कम भरतो. जागा रिकामी असेल तर ती मालकाच्या अंगावर येते. लंडनमध्ये काही ठिकाणी मालकांच्या वेगळ्या बीआयडी आहेत. न्यूयॉर्कमध्ये आकारणी मालमत्तेवर होते, म्हणजे बिल मालकाला जातं. भाडेकरारात तसं कलम असेल तर तो ती रक्कम भाडेकरूकडून घेतो. कॅनडाच्या ऑन्टॅरिओ प्रांतात क्षेत्र स्थापण्याची नोटीस मालकाला मिळाली की ३० दिवसांच्या आत तिची प्रत कर भरणाऱ्या भाडेकरूंना देणं आणि त्यांची यादी पालिकेला कळवणं त्याच्यावर बंधनकारक आहे. भाडेकरूलाही हरकत घेता यावी, हा त्यामागचा हेतू.

यातला फरक कामाच्या यादीत लगेच दिसतो. मालकाला जागेची किंमत आणि पुढच्या दहा वर्षांचं भाडं दिसत असतं, म्हणून तो फरसबंदी, दिवे आणि झाडं यांवर खर्च करायला तयार होतो. दुकान चालवणाऱ्याला या हंगामातली विक्री दिसते, म्हणून त्याला जाहिरात, सण-उत्सव आणि सुरक्षा हवी असते. भाडेकरू जिथे पैसे भरतात पण मत मालकाचं चालतं, तिथे कुरबुर ठरलेलीच. अशा भागात मंडळावर भाडेकरूंना जागा राखून ठेवल्या नाहीत तर दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी वाद हमखास उभा राहतो.

लेव्ही कशी ठरते? एखादं उदाहरण द्याल का?

इंग्लंडमध्ये साधारण पद्धत अशी: जागेच्या करयोग्य मूल्याचे ठरावीक टक्के, बहुधा १ ते २ च्या दरम्यान. न्यूयॉर्कमध्ये प्रत्येक बीआयडी आपलं सूत्र ठरवते. ते मूल्यांकनावर, रस्त्याकडच्या दर्शनी लांबीवर, क्षेत्रफळावर किंवा यांच्या मिश्रणावर असू शकतं. तिथे निव्वळ निवासी मालमत्तेला सामान्यतः वर्षाला १ डॉलर लागतो आणि ना-नफा संस्थांच्या जागांना काहीच लागत नाही. कॅलिफोर्नियात याउलट, सरकारी मालकीच्या जागेलाही लाभ होत असेल तर तिला आकारणीतून सूट नाही.

आता काल्पनिक आकडे घेऊन इंग्लंडच्या धर्तीवर हिशेब मांडू. समजा क्षेत्रात ४५० जागा आहेत आणि त्यांचं एकूण करयोग्य मूल्य २,५०,००,००० पौंड आहे. १.५ टक्के दराने वर्षाची मागणी ३,७५,००० पौंड होते. पण यातल्या १५० जागा अगदी लहान आहेत आणि त्यांचं सगळं मिळून मूल्य १०,००,००० पौंड आहे. त्यांना पूर्ण सूट दिली तर १५,००० पौंड, म्हणजे अवघे ४ टक्के कमी होतात आणि बिलांची संख्या मात्र एक तृतीयांशाने घटते. सरासरी १०० पौंडांच्या १५० बिलांमागे धावण्यात जो वेळ आणि पैसा जातो, तो पाहता ही सूट बहुतेक ठिकाणी परवडते. शिवाय ज्यांना सर्वांत कमी फायदा होतो त्यांची नाराजीही टळते.

उरले ३,६०,००० पौंड. वसुली ९५ टक्के धरा: ३,४२,०००. प्रत्येक बिलामागे वसुली शुल्क ३० पौंड धरलं तर ३०० जागांचे ९,००० गेले, राहिले ३,३३,०००. कर्मचारी, कार्यालय, विमा, लेखापरीक्षण यांवर २० टक्के, म्हणजे ६६,६०० पौंड. प्रत्यक्ष कामाला २,६६,४०० पौंड उरतात, म्हणजे मूळ मागणीच्या सुमारे ७१ टक्के. योजनेच्या पुस्तिकेत ३,७५,००० पौंडांची कामं लिहून ठेवणाऱ्यांची पहिल्याच वर्षी फजिती होते. खर्चाची यादी नेहमी या शेवटच्या आकड्यावरून करावी.

४०,००० पौंड करयोग्य मूल्याच्या दुकानाला या दराने वर्षाला ६०० पौंड पडतात, म्हणजे आठवड्याला साधारण साडेअकरा पौंड. दुकानदाराशी बोलताना टक्केवारी सांगून उपयोग नाही. त्याच्या जागेचा हा नेमका आकडा कागदावर लिहून त्याच्या हातात द्यायला हवा.

लेव्हीच्या नियमांत कोणत्या गोष्टी आधीच लिहून ठेवाव्यात?

मतदानाआधी नियमांत जे लिहिलं नसेल ते नंतर घुसवता येत नाही. इंग्लंडमध्ये लेव्हीत मोठा बदल करायचा तर पुन्हा मतदान घ्यावं लागतं. म्हणून हे मुद्दे सुरुवातीलाच पक्के करावेत.

करयोग्य मूल्य कोणत्या तारखेच्या यादीतलं धरायचं? इंग्लंडमध्ये १ एप्रिल २०१७ आणि १ एप्रिल २०२३ ला नवं मूल्यांकन लागू झालं. मुदतीच्या मधोमध असं मूल्यांकन आलं आणि नियम गप्प असले, तर एकाचं बिल वाढतं, दुसऱ्याचं घटतं आणि एकूण अंदाजपत्रकच हलतं. एका ठरलेल्या तारखेची यादी पूर्ण मुदतीसाठी गोठवणं हा सोपा उपाय आहे. मूल्यांकनाविरुद्ध अपील जिंकून मूल्य मागच्या तारखेपासून कमी झालं, तर जुन्या लेव्हीचा परतावा द्यायचा की नाही, हेही लिहावं. बहुतेक क्षेत्रं तो देत नाहीत, कारण पैसा खर्च झालेला असतो.

लेव्ही दिवसांच्या हिशेबाने आकारायची की ठरावीक दिवशी जो जागा धारण करतो त्याने पूर्ण वर्षाची भरायची? दुसरी पद्धत काहींना अन्यायकारक वाटते, कारण पुढच्याच महिन्यात दुकान बंद करणाऱ्यालाही पूर्ण रक्कम लागते. पण दर वेळी भाडेकरू बदलला की परतावे आणि नवी बिलं काढण्याचा व्याप पाहता लहान क्षेत्राला तीच झेपते.

याखेरीज वार्षिक वाढ महागाईप्रमाणे होणार का आणि तिची कमाल मर्यादा किती, रिकाम्या जागांना किती, धर्मादाय संस्थांना सवलत आहे का, एका जागेच्या लेव्हीला कमाल मर्यादा आहे का. शेवटचा मुद्दा मोठ्या डिपार्टमेंट स्टोअरमुळे येतो. एकाच जागेतून १५-२० टक्के पैसा येत असेल आणि ती बंद पडली, तर बीआयडीच डबघाईला येते.

मंजुरीसाठी किती मतं लागतात?

इंग्लंडमध्ये दुहेरी कसोटी आहे. दिलेल्या मतांपैकी निम्म्याहून अधिक मतं बाजूने हवीत आणि बाजूने पडलेल्या जागांचं एकूण करयोग्य मूल्यही विरोधातल्या जागांपेक्षा जास्त हवं. १२० मतं बाजूने आणि ८० विरोधात, पण बाजूच्या जागांचं मूल्य ६० लाख आणि विरोधातल्यांचं ७० लाख असेल, तर योजना पडली. उलट चार मोठ्या कंपन्यांनी मूल्याच्या बळावर शंभर लहानांवर लादण्याचा मार्गही याच कसोटीने बंद होतो. स्कॉटलंडमध्ये आणखी एक अट आहे: संख्या आणि मूल्य दोन्हींत किमान २५ टक्के मतदान झालं पाहिजे. इंग्लंडमध्ये अशी किमान मर्यादा नाही. फार थोड्या मतांवर जिंकलेली बीआयडी कायदेशीर असते, पण पुढची पाच वर्षं तिला प्रत्येक बिलासोबत हा प्रश्न ऐकावा लागतो.

इतरत्र हरकतींवर निर्णय होतो. ऑन्टॅरिओत नोटिसा टपालाने रवाना झाल्यानंतर ६० दिवसांत किमान एक तृतीयांश पात्र व्यक्तींनी हरकत घेतली आणि त्यांच्याकडे कराचाही किमान एक तृतीयांश वाटा असला, तर पालिकेला ठराव करता येत नाही. न्यूयॉर्कमध्ये जनसुनावणीनंतर ३० दिवसांत ५१ टक्के मालकांनी किंवा ५१ टक्के मूल्यांकनाच्या मालकांनी लेखी हरकत घेतली तर योजना थांबते. कॅलिफोर्नियात १९९४ च्या कायद्यानुसार मालमत्तेवरच्या क्षेत्रासाठी आधी विनंती अर्जावर अशा मालकांच्या सह्या लागतात की जे एकूण आकारणीच्या ५० टक्क्यांहून अधिक भरणार आहेत. त्यानंतर मतपत्रिका जातात आणि त्यांचं वजन रकमेप्रमाणे मोजलं जातं.

हरकतीच्या पद्धतीत गप्प बसणारा आपोआप बाजूने धरला जातो. त्यामुळे ती राबवायला सोपी आहे, पण नोटीस खरोखर प्रत्येकाच्या हातात पडली याची खात्री तिथे दुप्पट काळजीने करायला हवी.

मतदानाची तयारी किती आधी सुरू करावी आणि ती कुठे बिघडते?

कल्पनेपासून पहिल्या बिलापर्यंत एक ते दीड वर्ष धरावं. इंग्लंडच्या नियमांत, मतदान घ्यायची विनंती करण्याच्या किमान ८४ दिवस आधी पालिकेला आणि सरकारच्या संबंधित मंत्र्यांना लेखी कळवावं लागतं. मतदान टपालाने होतं. मतपत्रिका मतदानाच्या दिवसाच्या किमान २८ दिवस आधी निघतात.

सर्वाधिक घोळ मतदार यादीत होतो. पालिकेच्या नोंदीत दोन वर्षांपूर्वी गेलेल्या भाडेकरूचं नाव असतं, एका दाराआड तीन जागा असतात, किंवा जागा एकत्र केल्यावरही नोंद दोनच राहते. एक मत एका जागेला असतं, व्यक्तीला नाही. तीन जागा असणाऱ्याला तीन मतं. म्हणून यादी हातात घेऊन रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी प्रत्येक दारापर्यंत चालत जाणं आणि वरच्या मजल्यांची पाटीही वाचणं, याला पर्याय नाही.

साखळी दुकानांची मतपत्रिका नोंदीतल्या पत्त्यावर जाते. मुख्य कार्यालयात ती योग्य माणसापर्यंत पोचतेच असं नाही. निर्णय घेणारी व्यक्ती कोण, हे आधी फोन करून काढावं आणि तिचं नाव-पत्ता मतदान घेणाऱ्या अधिकाऱ्याकडे वेळेत नोंदवावा. शाखेचा व्यवस्थापक उत्साही असला तरी मत बहुधा त्याच्या हातात नसतं.

आणखी एक धोका: योजना नामंजूर झाली आणि पात्र मतदारांपैकी २० टक्क्यांहून कमी जणांनी बाजूने मत दिलं, तर मतदानाचा खर्च प्रस्ताव मांडणाऱ्यांकडून वसूल करायचा अधिकार पालिकेला आहे. ही तरतूद अंदाजपत्रकात धरलेली फार कमी वेळा दिसते. मतदान गर्दीच्या विक्रीच्या हंगामात ठेवू नये. त्या आठवड्यांत दुकानदार टपाल उघडतच नाही.

पालिका आपली कामं बीआयडीवर ढकलणार नाही कशावरून?

लेखी करार नसेल तर ढकलण्याची शक्यता दाट आहे. यासाठी बेसलाइन करार असतो: पालिका, पोलीस वगैरे आज या भागात कोणती सेवा किती देतात याची नोंद. बीआयडीचं काम त्या पातळीच्या वर सुरू होतं.

करारात ‘रस्ते स्वच्छ ठेवले जातील’ असं वाक्य असेल तर ते निरुपयोगी आहे. कोणता रस्ता, आठवड्यातून किती वेळा, किती वाजता, झाडणं की पाण्याने धुणं, कचरापेट्या किती आणि दिवसातून किती वेळा रिकाम्या, तुटलेला दिवा किती दिवसांत दुरुस्त, हे सगळं आकड्यांत हवं. मोजता आलं तरच ‘आधी आठवड्यातून सात वेळा झाडायचे, आता चारच वेळा’ असं दाखवता येतं. पालिकेच्या अंदाजपत्रकाला कात्री लागली की ती सेवा कमी करू शकते, पण करारात सहसा एवढं मान्य करून घेता येतं की या भागातली कपात बाकी शहरापेक्षा जास्त नसेल. हा करार मतदानाआधी सही होऊन पुस्तिकेत छापला जावा. मतदान जिंकल्यावर पालिकेला सहीची घाई उरत नाही.

दुसरा, वेगळा करार वसुलीचा: बिलं कधी निघतील, पैसे किती दिवसांनी हस्तांतरित होतील, थकबाकीचा मागोवा कोण घेईल, शुल्क किती. इंग्लंडमध्ये पालिकेला लेव्हीसाठी स्वतंत्र महसूल खातं ठेवावंच लागतं. तरी पहिल्या वर्षी संगणक प्रणालीत नवं बिल बसवायला वेळ लागतो आणि पैसा उशिरा येतो. तीन महिन्यांच्या पगाराची सोय आधी केलेली बरी.

कारभार कोण पाहतं?

बहुधा नफा न वाटणारी कंपनी आणि तिचं संचालक मंडळ. ऑन्टॅरिओत मात्र व्यवस्थापन मंडळ पालिकेच्याच अंगाचा भाग असतं आणि वर्षाचं अंदाजपत्रक नगर परिषदेकडे मंजुरीला जातं. न्यूयॉर्कमध्ये मंडळावर मालकांचं बहुमत असतं, भाडेकरू आणि रहिवाशांनाही जागा असते, शिवाय महापौर, शहराचा हिशेब पाहणारा नियंत्रक, बरोचा (शहराच्या मोठ्या विभागाचा) अध्यक्ष आणि स्थानिक नगरसेवक यांचा प्रत्येकी एक प्रतिनिधी बसतो.

दहा-बारा जणांचं मंडळ पुरतं. वीस झाले की गणपूर्तीचीच मारामार होते. किरकोळ विक्री, खानपान, कार्यालयं, मालक, लहान स्वतंत्र व्यावसायिक असे गट पाडून जागा वाटाव्यात, नाहीतर ज्यांच्याकडे दुपारी बैठकीला यायला वेळ आहे त्यांचंच राज्य होतं. ठरावीक मुदतीनंतर संचालक बदलण्याचा नियम हवा. हितसंबंधांची नोंदवही प्रत्येक बैठकीत उघडावी: सजावटीचं कंत्राट ज्या संचालकाच्या दुकानाला जाणार असेल त्याने त्या विषयापुरतं बाहेर बसावं. ठरावीक रकमेवरच्या प्रत्येक खरेदीला तीन दरपत्रकं आणि धनादेशावर दोन सह्या, हे नियम जुनाट वाटले तरी सक्तीच्या पैशाला तेच शोभतात.

पैसा कशावर खर्च होतो?

जादा सफाई, भित्तिलेखन पुसणं, गणवेशातले मार्गदर्शक किंवा गस्त, रोषणाई, फुलझाडं, कार्यक्रम, एकत्रित जाहिरात, मोकळ्या जागांना भाडेकरू शोधणं आणि कचरा उचलण्यासारख्या सेवांची एकत्र खरेदी. शेवटचं काम दिखाऊ नाही, पण व्यावसायिकाला त्यातली बचत थेट त्याच्या बिलात दिसते. मुदत संपल्यावरच्या नूतनीकरणाच्या मतदानात त्याचा मोठा उपयोग होतो.

गस्तीवरच्या माणसांना पोलिसांचे अधिकार नसतात, हे भरणाऱ्यांना पहिल्या दिवसापासून सांगावं. नाहीतर चोर पकडला का नाही म्हणून तक्रारी येत राहतात.

लेव्हीशिवाय दुसरं उत्पन्न?

प्रायोजक, सरकारी अनुदान, सीमेबाहेरच्यांची ऐच्छिक वर्गणी, बाजार-जत्रांतल्या स्टॉलचं भाडं. हे सगळं घ्यावं, पण पगार आणि सफाईसारखा नियमित खर्च त्यावर टेकवू नये. एका वर्षाचं अनुदान संपतं आणि माणसं कामावर उरतात.

मला बीआयडी नकोच आहे. मी पैसे नाकारू शकतो का?

नाही. इंग्लंडमध्ये थकलेली लेव्ही बिझनेस रेट्सच्या थकबाकीसारखीच वसूल होते. आधी स्मरणपत्र येतं, मग मॅजिस्ट्रेट न्यायालयातून दायित्वाचा, म्हणजे ही रक्कम तुम्ही देणं लागता असा आदेश, त्यानंतर जप्तीपर्यंत मजल जाऊ शकते. आदेशाचा खर्चही तुमच्याच खात्यात चढतो. जागेची नोंद चुकीची असेल किंवा तुम्ही सीमेबाहेर असाल तर पालिकेला लगेच लिहून कळवा, बिल नुसतं बाजूला ठेवू नका. मतदानात गंभीर अनियमितता झाली असं वाटत असेल तर किमान ५ टक्के मतदारांना मिळून निकालानंतर २८ दिवसांच्या आत मंत्र्यांकडे दाद मागता येते.

बदल हवा असेल तर वार्षिक सर्वसाधारण सभेला जा आणि संचालकपदाला उभे राहा. मंडळावर बसलेल्या विरोधकाचे प्रश्न टाळता येत नाहीत.

मोठ्याच्या मताला जास्त वजन, हे लोकशाहीला धरून आहे का?

हा प्रश्न न्यायालयातही गेला. न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल क्षेत्रात मालकांना मंडळावर बहुमत आहे, म्हणून तिथल्या रहिवाशांनी ‘एक व्यक्ती, एक मत’ या तत्त्वावर खटला भरला. १९९८ मध्ये अमेरिकेच्या दुसऱ्या सर्किटच्या अपील न्यायालयाने ती रचना वैध ठरवली. क्षेत्राचं काम मर्यादित आहे, त्याचा भार मालकांवर पडतो आणि नगर प्रशासनाचा त्यावर ताबा आहे, असा त्यामागचा विचार होता.

कायद्याने प्रश्न सुटला तरी रस्ता सगळ्यांचा असतो. तिथे राहणारे, फेरीवाले, बेघर माणसं यांना मत नाही, पण गस्त आणि बाकांच्या रचनेचा परिणाम त्यांच्यावर होतो. म्हणून मंडळावर रहिवाशांचा प्रतिनिधी असावा आणि गस्तीच्या सूचना लेखी व सगळ्यांना वाचायला खुल्या असाव्यात. हे टाळणारी क्षेत्रं स्वतःच्याच परिसरात परकी होतात.

काम चांगलं चाललंय की नाही, कसं ओळखावं?

चार कागद मागा: मंजूर योजना, चालू वर्षाचं अंदाजपत्रक, लेखापरीक्षित हिशेब आणि मागच्या तीन बैठकींची इतिवृत्तं. योजनेतलं प्रत्येक आश्वासन खर्चाच्या ओळीशी जुळतं का ते पाहा. प्रशासकीय खर्च दरवर्षी वाढतोय का? शिल्लक वाजवीपेक्षा जास्त साठतेय का? साठलेला पैसा म्हणजे न केलेलं काम.

वर्दळीच्या आकड्यांकडे सावधपणे पाहा. गर्दी वाढण्यामागे हवामान, नवं स्थानक, शेजारचा बंद झालेला मॉल अशी अनेक कारणं असतात. शेजारच्या तशाच, पण बीआयडी नसलेल्या रस्त्याशी तुलना केली असेल तरच तो आकडा काही सांगतो. त्यापेक्षा कचरापेटी भरून वाहिल्याच्या तक्रारी किती दिवसांत मिटल्या, रिकाम्या जागा किती घटल्या, हे मोजमाप प्रामाणिक असतं.

मुदत संपल्यावर काय होतं?

इंग्लंडमध्ये कमाल मुदत ५ वर्षं. पुढे चालवायचं तर पुन्हा त्याच दुहेरी कसोटीवर मतदान. कॅलिफोर्नियात १९९४ च्या कायद्याखाली पहिली मुदत ५ वर्षांपर्यंत आणि नूतनीकरण १० वर्षांपर्यंत असू शकतं.

नूतनीकरणाचं काम चौथ्या वर्षाच्या सुरुवातीला हातात घ्यावं: भेटी, सर्वेक्षण, नवी सीमा, यादीची फेरतपासणी. मतदानाचा खर्च दरवर्षी थोडा बाजूला काढलेला असला की शेवटच्या वर्षी कामं थांबवावी लागत नाहीत. कर्मचाऱ्यांचे आणि पुरवठादारांचे करार मुदतीच्या शेवटच्या तारखेपलीकडे जाऊ देऊ नयेत. मतदान हरलं तर त्या तारखेनंतर लेव्ही आकारता येत नाही, पण नोटिशीचा पगार, यंत्रांचं भाडं आणि शेवटचं लेखापरीक्षण उरतं, त्यासाठी राखीव निधी लागतो. हा खर्च भागून महसूल खात्यात शिल्लक राहिलीच, तर ती लेव्ही भरणाऱ्यांना परत करण्याची तरतूद नियमांत आहे.